न धुतलेला कुर्ता

ऐंशीच्या सुमारास आम्ही उत्तरेत, मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे चिकनकारीचं भरतकाम करणारी एक बाई दारावर यायची. कापडावर निळा छापा उठवून दिला की ती त्यावर पांढऱ्या धाग्याने फुलं भरायची. शेवटी कापड धुतलं की छापा निघून जायचा.

तिची तब्येत चांगली, म्हणजे फारच चांगली असली, की बोलणं थांबायचं नाही आणि छापा सोडून कुर्त्याच्या पाठभर फुलं उमटायची. मग काही आठवडे ती मान खाली घालून यायची, अर्धवट कापड परत करायची. "किसी और को दे दीजिए, दीदी." डॉक्टरांची औषधं चालू आहेत, असं तिच्या बहिणीकडून कळलं होतं.

एकदा मी खरंच दुसरीला दिलं. वाटलं, हिचं ओझं उतरलं. महिन्याने ती हसत आली, कापड मागितलं आणि माझं उत्तर ऐकून पायरीवरच बसली.

"मैंने तो कह दिया था, दीदी. आप मान क्यों गईं?"

त्यानंतर तिने परत केलेलं कापड मी तिच्यासमोर कपाटात ठेवत असे. "तुम्हारा है, यहीं रहेगा." कपाट बंद होईपर्यंत ती थांबायची.

आमची बदली झाली तेव्हाही एक कुर्ता कपाटात होता. निरोप पाठवला, ती आली नाही. आता तो पुण्यात माझ्याकडे आहे. सून म्हणते, "आई, निदान धुऊन तरी ठेवा."

धुतला तर छापा जाईल. मग ती आली, तर भरणार कशावर?