बॉनेटनाना आणि धुळ्याचा रस्ता

बॉनेटनाना कुणाच्याही गाडीजवळ गेले की आधी बॉनेटवर हात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते, तसा. जळगावात जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस नानांना सोबत न्यायचा, आणि नानांना बघूनच विकणारा अर्धा खचायचा. बॉनेट गरम लागलं की नाना चहासुद्धा घेत नसत. "आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. थंड असताना उठत नसेल. चाल भाऊ, गाडी आजारी शे अन् मालक लबाड शे."

नाना माझे जुने दोस्त. त्यांचा धंदा शिवणकामाचा, पण दुकानात मापांपेक्षा गाड्यांच्याच गप्पा. डॉक्टरची गाडी डोळे झाकून घ्यावी. लग्नात मिळालेली घेऊ नये, फुकटच्या गाडीला कोणी जीव लावत नाही. काळी गाडी म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात तवा. नव्या गाडीतला स्क्रीन बघून म्हणायचे, "एवढा टीव्ही कसाले? माणसानं टीव्ही बघायचा की ट्रक?" विजेच्या गाडीला मात्र त्यांनी नावं ठेवली नाहीत. "चांगली शे. पण तिला आवाज नाही, माझ्या कामाची नाही." मला तेव्हा काही कळलं नाही.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं पारोळा ते धुळे प्रवासी जीप चालवली, त्यामुळे नाना बोलले की मी उलटं बोलणारच. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत होतं. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याने रस्त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "ब्रेक मारा" म्हणणाऱ्या एका पाहुण्याला मी भर उन्हात खाली उतरवून दिलेलं आहे.

माझी लेक सुनंदा बाळंतपण आटोपून धुळ्याला सासरी निघाली, तेव्हाची गोष्ट. नाना सकाळीच आपली पांढरी डिझेल गाडी घेऊन पारोळ्याला आले. "तीन महिन्यांचं लेकरू एसटीत नको. मी सोडतो." मागे सुनंदा, मांडीवर बाळ. पुढे मी.

पारोळा सोडला आणि थोड्या वेळाने पुढे रस्त्याचं काम लागलं. वळण दाखवणारी पाटी घराच्या दाराएवढी, तिच्यावर पिवळा बाण. नाना सरळच निघाले. खडीच्या ढिगापाशी मजूर ओरडला, तेव्हा कचकन ब्रेक लागला. बाळ रडायला लागलं.

"पाटी लावायला काय होतं यांना!" नाना म्हणाले.

सुईत दोरा ओवायला नाना हल्ली शेजारच्याला हाक मारत, ते आठवलं. हा माणूस रस्ता बघत नव्हता, पाठ म्हणत होता. जुना रस्ता त्यांना तोंडपाठ, पण आता रस्ताच बदललेला.

बोलायला हवं होतं. मागे माझी लेक, माझी नात. तरी मी दहा किलोमीटर गप्प बसलो. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं.

मग उलट्या बाजूने चाऱ्याचा भारा घेऊन एक मोटारसायकल समोर आली. नानांचा पाय हलेना.

"नाना, डावीकडे!"

त्यांनी घेतली. का म्हणून विचारलं नाही. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला माणूस एका शब्दात वळला, तेव्हा मी जास्त घाबरलो.

त्यानंतर डोळे माझे आणि हात त्यांचे. "ट्रॅक्टर आहे, हळू. म्हशी आहेत, थांबा. आता निघा." मागून सुनंदा म्हणाली, "आबा, नानांना चालवू द्या की! किती बोलताय आज!" आम्ही दोघंही हसलो नाही.

धुळ्याआधी फागणे गाव लागतं, त्याच्या अलीकडे नानांनी गाडी कडेला घेतली. "भाऊ, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. उतर." हवा बरोबर होती. गाडीमागे उभं राहून ते हळूच म्हणाले, "पोरीले सांगू नको." चावी माझ्या हातावर ठेवली आणि पत्र्यावरून हात फिरवत डाव्या बाजूला गेले. दाराची मूठ त्यांना सापडेना. स्वतःच्या गाडीत त्या बाजूने ते कधी बसलेच नव्हते. मी दार उघडायला पुढे झालो, तर म्हणाले, "राहू दे. सापडेल." मी उभा राहिलो. सापडली.

नंतर कानावर आलं, डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकलीय, नजर परत यायची नाही. आठ दिवसांत नानांनी गाडी विकली. घेणाऱ्याला तिच्या सगळ्या खोडी आधी सांगितल्या म्हणे. माझ्याकडे मात्र ते परत आले नाहीत, फोनही नाही. मीही केला नाही. ज्यांच्यासाठी मी तोंड उघडलं त्यांनीच पाठ फिरवावी, तर मी का जाऊ, असं मला वाटायचं.

गेल्या पोळ्याला नाना गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून एकच डोक्यात आहे. त्यांना राग कशाचा होता? मी बोललो याचा, की त्याआधी दहा किलोमीटर बोललो नाही याचा? जळगाव एसटीने दीड तास. विचारून आलो असतो.