मालकांचे पायमोजे

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शिरोलीच्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मला कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं होतं. एका मोठ्या मशीनवर चार पडदे चालायचे. दिवसातून एकदा तरी ते मशीन अचानक बंद पडायचं आणि चारही पडदे जागच्या जागी गोठायचे. का, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मालकांना मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. "ही पोरगी मला बघितली की घाबरती आन् कायतरी दाबती." पोरगी म्हणजे मुरगूडहून रोज एस्टीनं येणारी ऑपरेटर. तिची सहा महिन्यांची उमेदवारी त्या शनिवारी संपत होती. "शनिवारी परत बंद पडलं की तिला घरी पाठवणार. चूक तिचीच, आसं तुम्ही लिहून द्यायचं," मालक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मंगळवारपासून मी तिथं झक मारत होतो. पॉवर सप्लाय बदलला, सगळी कार्डं काढून पुसून परत बसवली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालून बादल्या ओतल्या. ढिम्म फरक नाही. आणि मला सापडत नाही म्हणून ते तिच्या माथी मारायचं?

शनिवारी सकाळी मी तिला सांगितलं, "मालक आले की हात मांडीवर. कीबोर्डला बोटसुद्धा लावायचं नाही." ती मान हलवून बसली. ओठ पांढरे पडले होते.

अकरा वाजता मालक आले. त्या खोलीत चपला बाहेर काढायची शिस्त होती, देवळासारखी. आम्ही सगळे अनवाणी. मालकांनी बूट काढले आणि हौसेनं घातलेल्या नायलॉनच्या कार्पेटवरून पाय घाशीत आले. "काय, चाललंय न्हवं?" म्हणत म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी मशीनवर थाप मारली.

तट्! ठिणगी उडाली. "आयला!" मालकांनी हात झटकला. चारही पडदे गोठले. तिचे हात मांडीवरच होते.

मी मालकांच्या पायांकडे बघितलं. नायलॉनचे मोजे. कार्पेटवर घासून अंगात वीज साठणारच.

"मालक, मोजे काढा."

त्यांना असं कोण बोलणार? पण त्यांनी काढले. मशीन चालू करून मी त्यांना अनवाणी आणलं, थाप मारायला लावली. चालू राहिलं. मोजे घालून परत आणलं. तट्, बंद!

"म्हंजे मीच की!" मालक हसत सुटले. "सोमवारी तुझी कायमची ऑर्डर काढतो गं," म्हणाले आणि मोजे खिशात कोंबून निघून गेले.

मला भलताच आनंद झाला होता. "सुटलात की बाई!" मी म्हणालो.

"व्हय सर," ती म्हणाली. "पण मंगळवारी आल्या आल्या पयलं तुमीच मला विचारलं, काय दाबलंस म्हणून."

मी आवळलेलेच स्क्रू पुन्हा आवळत बसलो.