आधी सीझन, मग धम्म

"गुरुजी, आवाज वाढवा की!"

काका विहाराच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. आषाढी पौर्णिमेची संध्याकाळ, वर्षावासाचा पहिला दिवस. भोंगा आधीच इतका चढवलेला की मूर्तीपुढच्या मेणबत्त्या थरथरत होत्या आणि नदीपल्याडची कुत्री एका सुरात रडायला लागली होती. बायकांनी कानांवर पदर दाबून धरलेले. ग्रंथ वाचणारे गुरुजी, आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले, वाचायचे थांबले.

काकाचा धंदाच आवाजाचा. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत अशी एक वरात दाखवा, जिच्यापुढं काकाच्या डीजेची भिंत ट्रॅक्टरवर उभी राहिली नाही. त्या भिंतीजवळून गेलेल्या म्हशीचं दूध कासेतच नासायचं, असं मी सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं म्हशीला विचारावं.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात बसून ग्रंथ ऐकायचा, समजून घ्यायचा. काकी एक दिवस चुकवायची नाही. काकाची पंचाईत अशी, की नेमके याच दिवसांत गणपती आणि मागोमाग नवरात्र. म्हणजे ऐन सीझन. गुरुजी दरवर्षी बोलवायचे, हा दरवर्षी म्हणायचा, एवढे गणपती होऊ द्या. मग म्हणायचा, नवरात्र होऊ द्या. सीझन संपेतो वर्षावासही संपायचा, आणि शेवटच्या पौर्णिमेला काका भलं मोठं पातेलं घेऊन खीर वाढायला हजर. भोंगाही त्यानंच दिलेला. दुसऱ्यांच्या ऐकण्याची सोय केली म्हणजे आपलंही ऐकून झालं, असा त्याचा ठाम समज.

"अडीच हजार वर्सं टिकलाय धम्म," तो म्हणायचा. "आनी दोन वर्सात कुठं पळून जातोय?"

"धम्म कुठं जात नाही हो," गुरुजी म्हणायचे. "जाणारे आपण."

यावर काका पोट धरून हसायचा आणि ट्रॅक्टर चालू करायचा.

पहिल्यांदा चिमण्या गेल्या. गावातल्या चिमण्या मेल्या का रं, असं त्यानं मला विचारलं, तेव्हा अंगणात त्यांची ग्रामसभा भरली होती. मग कुकरची शिट्टी गेली. मग काकीचा आवाज गेला, तेव्हा आठ दिवस तो भलताच खुशीत होता. नवव्या दिवशी मात्र तिच्या तोंडाकडं बघत बसला, तिचे ओठ मिटले तरी बघतच राहिला.

मी सांगलीला, विश्रामबागेत राहतो. म्हणून मिरजेच्या डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं काम माझ्याकडं आलं. त्यांनी काकाला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून खुणावलं. काका बटणावर अंगठा ठेवून शहाण्या पोरासारखा वाट बघत राहिला. मशीन अजून चालू व्हायचंय, असं मला वाटलं. ते केव्हाच चालू झालेलं होतं.

उजवा कान मेला होता. डावा त्याच वाटेला लागला होता. दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला, आणि नंतर कानातलं यंत्रही फारसं कामी येणार नाही, असं बाईंनी मला कागदावर लिहून दिलं. मी ते काकापुढं धरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सहीपलीकडं त्याला अक्षर ठाऊक नव्हतं. मग मी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

परतताना सांगलीच्या पुलावर तो एकच वाक्य बोलला. "मला जे काय शिकायचं ते कानानंच रं, गड्या."

गणपतीच्या सगळ्या सुपाऱ्या त्यानं दुसऱ्याच दिवशी परत केल्या. आणि आता विहारात येऊन ओरडत होता.

गुरुजींनी भोंगा बंद केला. काकाला पुढ्यात बसवलं, त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द ठोकून वाचायला लागले. प्रत्येक ओळ तीनतीनदा. काका डोळे मिटून ओठ हलवत होता, मध्येच "काय?" म्हणत होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो त्याला केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. तीस वर्षं आख्खी शाळा दमात ठेवणारा गुरुजींचा गळा फाटला, तरी ते वाचत राहिले.

"गुरुजी," काका डोळे न उघडता म्हणाला, "का थांबलासा? वाचा की."

गुरुजी वाचतच होते.

सगळे पांगल्यावर मी गुरुजींना पाणी दिलं आणि आज कुठवर झालं ते विचारलं.

"अर्धं पान," ते म्हणाले.