ढोलीतला भाऊ

माझ्या बहिणीचं लग्न जमलं तेव्हा मी बैठकीत हजर होतो, फक्त दिसत नव्हतो.

त्याचं असं झालं. धान साठवायला गावातल्या सुखरामभाऊंनी आम्हाला बांबूची नवी ढोली विणून दिली होती. माणसाएवढी उंच, पोट मोठं, तोंड लहान. (माझ्याच बांध्याची, तोंड सोडून, असं बायको म्हणते.) ढोलीला आतून शेणामातीचं अस्तर लागतं, नाहीतर फटींतून धान गळतं. दरवर्षी आमची सडपातळ शोभा, म्हणजे माझी बहीण, आत उतरून ती लिपायची. पण दुसऱ्या दिवशी राजुऱ्याचे पाहुणे तिला पाहायला येणार होते.

"तिले शेणात हात नोका घालू देऊ," बायको कुंदा म्हणाली.

"मी उतरतो."

"तुमी? अडकसान."

"काऊन अडकीन?"

बनियन आणि अर्ध्या चड्डीवर स्टुलावर चढलो, हात वर केले आणि भसकन आत गेलो. कुंदा वरून शेणमाती देत गेली, मी लिपत गेलो. काम इतकं देखणं झालं की मीच हरखलो. मग हातांवर जोर देऊन वर आलो, तो पोटापर्यंत. पोट काही येईना.

"भिंतीले पाय लावून पायतो."

"ओल्या अस्तराले पाय लावला तं याद राखा. सुकल्यावर निंगा."

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. मुलगा आणि त्याचे वडील, एक दिवस आधीच! मी खाली बसलो. शोभाला हे स्थळ मनापासून पसंत होतं, माझ्यामुळे मोडलं असतं तर तिला तोंड दाखवायची सोय नव्हती.

"पोरीचे भाऊ दिसून नाई राह्यले?" वडिलांनी विचारलं.

"सिरोंच्याले गेले," कुंदा म्हणाली. "उद्या येतीन."

चहा झाला, शोभाला विचारायचं ते विचारून झालं. आता उठतील असं वाटलं. पण मुलाचा बाप पडला धानाचा शेतकरी. नवी ढोली दिसल्यावर डोकावल्याशिवाय कसा जाईल? वर चेहरा आला. मी शेणाच्या हातांनी नमस्कार केला.

"राम राम, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "लवकर आले सिरोंच्याहून."

माझे कान तापले. त्यांनी हात घालून अस्तरावर बोट फिरवलं.

"लिपलं कोनं?"

"मी. शोभाचे हात नोको भराले म्हणून."

"एक चीर नाई," ते म्हणाले, आणि मागे वळले. "बहिणीसाठी भाऊ ढोलीत उतरते, त्या घरी अजून काय पायाचं? आमाले पोरगी पसंत हाये."

मग बापलेकांनी मला दोन हातांना धरून उपसलं. माझ्या पोटाला अस्तराचा एक पोपडा आला. कुंदाने आधी ढोली पाहिली, मग मला.

लग्नाला दोन वर्षं झाली. शोभा सुखात आहे. परवा सुखरामभाऊ दोरी घेऊन दारात उभे.

"शोभाबाईच्या सासऱ्यानं नवी ढोली सांगितली. लिपाले तुमालेच बलावतीन."

"मग इथी कायले आले?"

"तोंडाचं माप घ्या लागते," म्हणत त्यांनी दोरी माझ्या कमरेभोवती फिरवली. दोरी पुरली नाही.