उलटा धरलेला फोटो

कोणाचाही फोटो हातात आला की ताई तो आधी उलटा धरायच्या. डोके खाली, हनुवटी वर. "सरळ धरला का मन मधी येतं, भाऊ. उलटा धरा, मंग बराबर दिसतं." तुम्हीही करून पाहा. अगदी ओळखीचा चेहरा उलटा धरला तरी नुसते नाक, कान, डाग उरतात. रूप कुठल्या कुठे जाते.

सत्तरच्या दशकात जालन्यातल्या एका स्टुडिओत मी फोटो काढायचो आणि ताई निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकायच्या. सकाळच्या गाडीने बदनापूरहून यायच्या आणि काचेच्या मेजाशी बसल्या की संध्याकाळपर्यंत मान वर नाही. स्थळाकडे मुलीचा फोटो आधी पाठवायची रीत तेव्हा खेड्यांत नुकती पोचली होती. त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

हसनाबादच्या एका मुलीच्या गालांवर देवीचे वण होते. वडिलांनी बजावले, "बिलकुल दिसू देऊ नका." ताईंनी दोन दिवस खपून गाल असे साफ केले की मीही वाहवा केली.

महिन्याभराने मुलगी वडिलांसोबत परत आली. फोटो पसंत करून आलेले पाहुणे तिला पाहिल्यावर चहासुद्धा न घेता उठले होते. तिने फोटो ताईंच्या मेजावर ठेवला.

"ही कोण हाय, तुमीच सांगा. ते माझ्याकडं बघून हिलाच हुडकून राह्यले व्हते."

ताईंनी फोटो उचलून मुलीच्या चेहऱ्याशेजारी धरला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, पोरीला पुन्हा बसवा. दिवा जरा समोर घ्या. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला पायजे." स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहून त्यांनी मुलीला तिच्या म्हशीबद्दल विचारले. म्हैस भलतीच खोडकर निघाली. सांगता सांगता मुलगी हसली आणि मी बटण दाबले. त्या निगेटिव्हला ताईंनी पेन्सिल लावली नाही.

मालक भडकले. "डाग तसेच ठेवायचे, तर तुम्हाला कशाला ठेवायचं?"

"नका ठेवू," ताई म्हणाल्या. नवरा खाटेवर, घर त्यांच्या एकटीवर; हे मला ठाऊक होते. त्यांनी नवा फोटो मालकांपुढे सरळ धरला. "पहिले काय दिसलं, ते खरं सांगा."

मालक माणूस हट्टी, पण खोटारडा नव्हता. "डोळे," ते म्हणाले.

"आन् वण?"

"ते मागून."

"समदे असंच बघतेत. डोळे जिते असले का वण मागून येतेत. पर येऊ द्या. माणूस त्याच्यासकट पसंत करू द्या."

नोकरी राहिली, मालकांची कुरकुरही राहिली. एखादा बाप हुज्जत घालायचा, शेजारच्या दुकानात जायचा. ताई बधल्या नाहीत. मुरूम, घामोळे झाकायच्या. जन्मभर राहणाऱ्या खुणांना हात लावायच्या नाहीत. हसनाबादच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका यायला तीन वर्षे लागली, पण ती ताईंच्या नावाने आली.

पुढे स्टुडिओ माझ्या हाती आला. ताई गेल्या तेव्हा त्यांची मुलगी एक लहानसा फोटो घेऊन आली. भिंतीवर लावायला मोठा करायचा होता.

"काका, गालावरचे वण काढू नका. आईनं बजावून ठेवल्तं."

"कुठले वण?" मी विचारले.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अकरा वर्षे मी ताईंच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. मी फोटो उलटा धरला. दोन्ही गालांवर देवीचे वण होते, कपाळावरही होते. पहिल्या दिवशी मला ते दिसले असणारच. मला रडू आवरेना.

फोटो सरळ केला. ताई माझ्याकडे पाहत होत्या, आणि वण पुन्हा दिसेनात.