आमचा चहा विमानाने पळवला

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी एक गंभीर तक्रार नोंदवत आहे. आज सकाळी मला चहा मिळाला नाही. देशाच्या विमानसेवेने आमच्या घरचा चहा पळवला आहे. रोज चहा करणारी माझी धाकटी मुलगी कुसुम हवाईसुंदरी म्हणून निवडली गेली आणि आज बडनेऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसली.

अकोल्याचे दाजी, म्हणजे माझे मेहुणे, तिला अडवायला थेट फलाटावर हजर.

"भाऊ, पोरीले हवेत चहा वाटाले काहून धाडून राहिले?"

"दाजी, तुम्ही आलात की ती जमिनीवर वाटायची. तेव्हा तर तुम्ही दोन कप घेत होता!"

"अन् समुद्र ओलांडनं? शास्त्रात पाप हाय."

"शास्त्राने नावेत बसणाऱ्याला दोष दिला आहे. वरून जाणाऱ्याबद्दल ऋषी गप्प आहेत."

कुसुम खिडकीत हसली. तिच्या आईने तिच्या हातावर दही ठेवले आणि गाडी हलली.

ही विमाने पूर्वी मुंबईच्या एका शेटजींची होती. सुरुवातीला तर त्यांतून टपालाच्या थैल्याच जात. मग सरकारने ती घेतली, म्हणजे आपली झाली. आपल्या विमानात आपली मुलगी नको, तर कोणाची? उत्तर असेल त्याने खाली लिहावे. मी खोडायला येईनच.

खडू ठेवण्यापूर्वी एकच सांगतो. लोकांची भीती मला नाही, विमान पडण्याची आहे. तुमच्यापैकी कोणी विमानात बसले असेल, तर ते वर किती हलते, मला खरे सांगा.