मावशी रडली नव्हती

वर्गात मी दरवर्षी एक वाक्य ठणकावून सांगत आलो आहे. पात्र चारचौघांत काय बोलतं ते सोडा, दार लावून घेतल्यावर ते काय करतं तिथे त्याचा खरा स्वभाव दिसतो. पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात आणि मी गुण देतो. अमरावतीत मराठी शिकवून मला वीस वर्षं झाली. आता ते वाक्य उच्चारताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशी वलगावची. माळ्याचं घर, झेंडू-शेवंतीचा मळा. काकांच्या पोटात जखम होती, म्हणून तिच्या घरात अकरा वर्षं मिरची आली नाही. वऱ्हाडात, जिथे ताटात ठेचा नसला तर पाहुणा कपाळाला आठ्या घालतो, तिथे ही बाई अकरा वर्षं मुगाचं फिकं वरण आणि भाकर खात राहिली. स्वतःपुरतं वेगळं करायची सोय नव्हती. मिरचीचा वास आला की काका ताट सरकवून उठत.

काका गेले. सुतकातलं बिनफोडणीचं जेवण भावकीतून येऊ लागलं आणि मावशी किती रडते, हे ओसरीवरच्या बाया डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. फुलं मात्र कोणासाठी थांबत नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी "तोडनी पाहून येतो" म्हणून ती मळ्यात गेली. बराच वेळ परतली नाही, म्हणून मी तिच्यामागे गेलो.

मळ्यातल्या खोपीत तीन दगडांची चूल पेटलेली होती. मावशीने तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण-मीठ घालून लोट्याच्या बुडाने तव्यातच रगडल्या आणि पदराखाली आणलेली भाकर त्यासोबत खाल्ली. सावकाश, बोटं चाटून. नाक वाहत होतं, ते मधूनमधून पुसत होती. इतकं निवांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी दारात उभा आहे हे तिने पाहिलं. दचकली नाही. "कोनाले सांगजो नको," म्हणाली आणि ठेचा लावलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी सांगितलं नाही. मी लिहिलं.

पहिल्या खर्ड्यात सगळं खरं होतं. गोष्ट अकोल्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला, "सर, नवरा जाऊन पाच दिवस झाले आणि बाई ठेचा खाते? वाचक तिला माफ करणार नाहीत. रडवा हो तिला थोडं. नवऱ्याचा सदरा वगैरे द्या हातात."

मी दिला. खोपीत एकटी बसून नवऱ्याचा सदरा छातीशी धरून हुंदके देणारी बाई मी पंधरा मिनिटांत लिहून टाकली. गोष्टीला बक्षीस मिळालं. त्याच संपादकांनी काढलेल्या माझ्या संग्रहात ती आली, मग कॉलेजच्या पाठ्यपुस्तकातही लागली. सत्काराला पहिल्या रांगेतले लोक चष्मे पुसत होते. ज्यांना विधवेच्या तोंडात घास सहन होत नाही आणि हुंदका मात्र गोड लागतो, त्यांच्या त्या हळहळीला आग लागो! पण शाल घेताना मला लाज वाटली, असं लिहायची फार इच्छा आहे. वाटली नाही.

मावशीची नात बी.ए.ला गेली. तिला पुस्तकात आपला मळा दिसला, आपली खोप दिसली, आजोबांचं पोट दिसलं. तिने ती गोष्ट आजीला वाचून दाखवली. मावशीने मला बोलावून घेतलं.

"मी रडली?"

"मावशी, गोष्ट आहे ती. थोडं इकडचं तिकडं..."

"मळा माहा, खोप माही, नवरा माहा. मंग रडनं कोनाचं?" तिचा आवाज चढला. "सांगू नको म्हनलं तरी सांगतलं असतं, त चाललं असतं. पन हे काहून लिवलं? जनमभर सारे मले पाहूनच राहिले. त्या एका घडीले कोनी पाहत नोयतं. तेवढी घडी माही होती. ते बी तू नेली, अन् वरतून खोटी केली. आता गावच्या बाया येतात न म्हनतात, लय जीव होता तुमचा!"

मी मान खाली घातली. नव्या आवृत्तीत बदलतो, असा शब्द दिला.

दोन वर्षांनी संग्रहाची नवी आवृत्ती निघाली. तपासायची पानं माझ्या लॅपटॉपवर आली. रविवारची दुपार, घरी कोणी नाही. मी सदरा पुसून टाकला आणि जुना मजकूर तिथे बसवला. वाचला. आयुष्यात लिहिलेलं तेवढंच एक पान चांगलं होतं. मग आठवलं, मानपत्रात त्या सदऱ्याचा खास उल्लेख आहे. पाठ्यपुस्तक समितीतले लोक विचारतील. गोष्ट अभ्यासक्रमातून काढतील. मी सदरा परत आणला आणि अकोल्याला कळवलं, "काही बदल नाहीत."

संपादकावर खापर फोडणं सोपं आहे. त्या दुपारी माझा हात कोणी धरला होता?

"आलं का पुस्तक?" मावशीने तीनदा फोन करून विचारलं. शेवटी घेऊन गेलो. नातीने ते पान काढून वाचायला सुरुवात केली. सदरा आला तशी मावशी म्हणाली, "बस."

ती उठून आत गेली. मिरच्या भाजल्याचा ठसका बाहेर आला. थोड्या वेळाने ताटं आली. तिच्या आणि नातीच्या मध्ये ठेच्याचा तवा होता. माझ्या ताटात मुगाचं फिकं वरण आणि भाकर.

मी तव्याकडे हात नेला. तिने तवा स्वतःकडे ओढला.

"तुले नाई सोसनार," म्हणाली, आणि माझ्यासमोर बोटं चाटून जेवली.